विचारा की! : खेकसाप्पाकडचे चेंडू

प्रश्न : मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात राहते. दुसरीतल्या नातीसाठी एक येडपट गोष्ट रचलीय. गावात खेकसाप्पा नावाचा खाष्ट म्हातारा. पोरांचा चेंडू त्याच्या परड्यात पडला की गडप! शिव्या मराठीत देतो, पैसे कन्नडात मोजतो आणि पकडला गेला की इंग्रजी फाडतो. शेवटी त्याला पश्चात्ताप होतो आणि तो सगळ्यांना कुंदा, आपली बेळगावची दुधाची मिठाई, वाटतो. ऐकून नात म्हणाली, "आज्जी, पण चेंडू कुठं गेले?" आणि पांघरूण ओढून झोपली. माझं चुकलं कुठं? शिवाय नावात 'अप्पा' आलंय, ते शेजारच्या कन्नड वहिनींना लागेल काय?

उत्तर : ताई, नातीला माझा नमस्कार सांगा. ३५ वर्षं शाळेत वह्या तपासल्या, पण इतका नेमका शेरा मला कधी मारता आला नाही. पश्चात्ताप आपल्याला पटतो. पोरं हिशेबाला पक्की असतात. चेंडू परत मिळाला नाही तर कुंद्यानं त्यांचं समाधान होत नाही. खातील, पण होत नाही.

बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीत असे एक काका होते. नाव सांगत नाही, त्यांचे नातू माझ्या ओळखीचे आहेत. रबरी चेंडू त्यांच्या अंगणात गेला की काका विळी मांडून बसायचे. भोपळा चिरावा तसा चेंडू बरोब्बर मधोमध चिरायचा, एक वाटी या संघाकडे फेकायची, दुसरी त्या. "घ्या, भांडण नको." बघा हा दुष्टपणा! मारलं नाही, ओरडले नाहीत, वर न्याय केल्याचा आव. आम्ही त्या वाट्या जपून ठेवल्या. दिवाळीत किल्ला केला तेव्हा एक मातीत पुरून पाणी भरलं. काका किल्ला बघायला आले, चष्मा सावरत वाकले आणि म्हणाले, "तळं झकास जमलंय रे. कशाचं केलंत?" आम्ही हसून हसून बुरुजावर पडलो. बुरूज गेला.

तुमचा खेकसाप्पा नुसता खेकसतो, तिथंच मला तो कमी पडतो. चेंडू गडप करतो म्हणजे नेमकं काय करतो? लोणच्याच्या बरणीत घालतो? उशीत भरून त्यावर झोपतो आणि रात्रभर डोकं टप्पे खातं? एवढं ठरवा, पुढचं नातच सांगेल.

आणि कुंदा काढून टाका. बेळगावकरानं हे लिहिणं पाप आहे, मान्य. पण कुंदा तोंडात विरघळतो. त्यानं दुष्टाचं काय वाकडं होणार? त्याला गोकाकचा करदंट द्या. कन्नडात 'करिद अंटु' म्हणजे तळलेला डिंक. डिंक, गूळ, सुकामेवा. कवळीला तर साक्षात यम. पोरांनी कट्ट्यावर मुद्दाम ठेवलेली भलीमोठी वडी खेकसाप्पा इकडंतिकडं बघून तोंडात कोंबतो आणि दाताला दात चिकटतात. आता खेकसायचं कसं?

"काका, चेंडू घेऊ?"

"म्म्म!"

"होय म्हणाले की!"

"म्म्म! म्म्म!"

"दोन-दोन घ्या म्हणतात!"

नावाचं म्हणाल तर अप्पा आपल्या मराठी घरांतही असतात. माझ्या वडिलांनाच आम्ही अप्पा म्हणायचो. (खेकसायचे तेही, पण तो विषय वेगळा.) तीन भाषांतला त्याचा कारभार मात्र अजिबात काढू नका. त्यामुळं तो कुणा एकाच्या वाट्याला जात नाही, सगळ्यांनाच छळतो. वहिनींना गोष्ट आधी वाचून दाखवा. करदंटाची गंमत त्यांना तुमच्याआधी कळेल, अंटु म्हणजे काय हे समजवावं लागणार नाही.

चेंडू तेवढे मोजून परत करा. किती होते, ते नातीला विचारा. त्यात माझा एक धरा, दोन तुकड्यांतला.