पद्मिनीचे पाटे बदलण्याआधी गाडी मोजा

तुमची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी मागून डावीकडे बसलीय आणि गॅरेजवाले पुढच्या दोन्ही कॉइल स्प्रिंग आणि मागचे दोन्ही पाटे (एकावर एक पट्ट्या रचलेल्या लीफ स्प्रिंग) बदला म्हणतायत. माझं ऐका, आत्ता काहीही मागवू नका.

मी ही चूक केलेली आहे. सांगितल्याबरोबर नवे पाटे घातले. गाडी मागून उंच झाली, खड्ड्यात आदळायला लागली आणि कल होता तसाच राहिला. मागचा शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक बॉडीला जोडणारी झुलती कडी, बॉडीला जिथे बसतो तिथला पत्रा सडून वर दबला होता, हे नंतर कळलं. जुने पाटे टाकून दिले नव्हते म्हणून ते परत घालता आले. तुम्हीही आधी तिथे स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. जोडांतली रबरी बुशही बघून घ्या.

मग मोजमाप. सपाट फरशी, टायरमध्ये सारखी हवा, डिकी रिकामी. गाडी थोडी पुढेमागे ढकलून स्थिर होऊ द्या आणि चारही ठिकाणी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून घ्या. आता पुढच्या चाकांना दगड लावून डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या गोल डब्याच्या) बरोबर मधोमध जॅक लावा, मागचे टायर जेमतेम सुटतील इतकाच. गाडीखाली अजिबात जाऊ नका. बॉडी सरळ झाली तर दोष मागे आहे. तरीही डावीकडे कललेलीच राहिली तर दोष पुढच्या स्प्रिंगमध्ये आहे आणि मागचे पाटे उगाच बदनाम झालेत. ही तपासणी फुकट आहे, तरी कुणी करत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

शॉकअप बदलून गाडी वर येत नाही. वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप फक्त हेलकावे थांबवतो. ‘स्प्रिंग नरम पडली’ हेही सहसा खरं नसतं. पोलादाचा ताठपणा वयाने कमी होत नाही, स्प्रिंग दबून आखूड होते. गंजाची गोष्ट मात्र वेगळी. कॉइलचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर असतो, म्हणजे १२ मिमीची तार झिजून ११ मिमी झाली तर जवळजवळ ३० टक्के ताठपणा गेला. अशी खोल गंजलेली किंवा तडा गेलेली स्प्रिंग बदलायचीच, आणि जोडीनेच. पुढची कॉइल घरी काढू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतते. ती बदलल्यावर अलाइनमेंटही करून घ्या.

पाट्यांच्या पट्ट्या सुट्या करून रॉकेलने धुवा, कोरड्या पुसा आणि वर खडू फासा. तडा असेल तर तिथे ओली रेघ उमटते. दोन्हीकडे किती पट्ट्या आहेत तेही मोजून घ्या. डिकीत कधीकाळी सीएनजीची टाकी असेल तर त्या वजनासाठी कुणीतरी जादा पट्टी घातलेली असू शकते. तडा नसेल आणि फक्त कमान उतरली असेल तर कमानपाटेवाल्याकडून ती थंड ठोकून परत काढून घ्या. भट्टीत लाल करून कमान देणारा पोलाद पुन्हा टेम्पर करत नसेल (योग्य कडकपणा परत आणत नसेल) तर त्याच्याकडे देऊ नका, पाटे लवकरच पुन्हा बसतील.

बसवताना पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे घ्या. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. जॅकवर असताना आवळलेत तर रबर पिळलेलं राहतं, उंची चुकीची दिसते आणि बुश लवकर फाटतं.