कोल्हापूरहून तारांगण पाहायला मुंबईला जावे का, आणि तिथे नेमके काय पाहावे?

दिवाळीच्या सुट्टीत चौथीतल्या मुलीला आणि आईंना घेऊन वरळीचे नेहरू तारांगण पाहायला जाण्याचा तुमचा विचार आहे आणि हे सगळे मोबाइलवर दिसत असताना एवढा प्रवास करावा का, असा तुमचा प्रश्न आहे. मी भूगोल शिकवतो आणि शाळेच्या मुलांबरोबर तारांगणात जाणे होत असते, त्या अनुभवावरून सांगतो: तारांगणात अवश्य जावे, मात्र घुमटावरचा चित्रपट पाहायला म्हणून जाऊ नये, आकाश पाहायला म्हणून जावे.

हा फरक महत्त्वाचा अशासाठी, की आजच्या तारांगणात दोन वेगवेगळ्या गोष्टी दाखवल्या जातात. कृष्णविवरे, डायनासोरांचा अंत, मंगळावरील यान असे तयार चित्रपट घुमटभर दिसतात, मुलांना ते आवडतातही. पण त्यांतील बराचसा आशय घरच्या पडद्यावरही मिळतो. दुसरी गोष्ट म्हणजे आज रात्री आपल्या डोक्यावर असणारे आकाश, आणि ते वेगाने पुढेमागे नेण्याची सोय. ही दुसरी गोष्ट घरी मिळत नाही. म्हणून तिकीट काढताना मराठी खेळ किती वाजता आहे हे जसे विचाराल, तसेच निवेदक चालू महिन्याचे आकाश समजावून सांगतो असा भाग त्या खेळात आहे का, हेही विचारा.

तारांगणाच्या यंत्राचा जन्मच या गरजेतून झाला. जर्मनीतील झाइस कंपनीच्या वाल्टर बाउअर्सफेल्ड यांनी घडवलेले पहिले यंत्र 21 ऑक्टोबर 1923 रोजी म्युनिकच्या संग्रहालयात दाखवण्यात आले. प्रखर दिवा, त्याभोवती बारीक छिद्रांच्या पट्ट्या आणि ग्रहांसाठी स्वतंत्र प्रक्षेपक, अशी त्याची रचना होती. वरळीचे तारांगण 3 मार्च 1977 रोजी सुरू झाले तेव्हा तिथेही झाइसचेच यंत्र होते. 2003 मध्ये त्याची जागा डिजिटल यंत्रणेने घेतली. डिजिटल यंत्रणेत संगणक सगळ्या घुमटावर चित्र उभे करतो, त्यामुळे पृथ्वी सोडून शनीच्या कड्यांजवळ जाऊन तिथून मागे वळून पाहता येते, जे जुन्या यंत्राला शक्य नव्हते. तरीही जुन्या यंत्राचे तारे अधिक टोकदार आणि त्यामागचा काळोख अधिक दाट असे, असे म्हणणारे जाणकार आहेत आणि मला त्यांचे म्हणणे पटते.

आत बसल्यावर दिवे मालवण्याआधी मुलीला घुमट नीट न्याहाळायला सांगा. वरून तो एकसंध वाटतो, पण बहुतेक आधुनिक घुमट सच्छिद्र ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचे असतात. पत्र्यांचे सांधे आणि नजर स्थिरावल्यावर दिसणारी बारीक भोके लक्षात येतात. आवाज त्या भोकांतून येतो, कारण ध्वनिक्षेपक घुमटाच्या मागे बसवलेले असतात. एकदा अंधार झाला की हा पत्रा दिसेनासा होतो, आणि तो खरोखरच तिथे होता का, असा प्रश्न मुले हमखास विचारतात.

आता कोल्हापूरकरांना विशेष जवळची वाटेल अशी एक गोष्ट. अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो: 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. मावळतीची किरणे महाद्वारातून आत येऊन पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, मग छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचावीत, अशी ती रचना आहे. या तारखा अशाच का, हे तारांगणात फार चांगले कळते. सूर्य रोज एकाच ठिकाणी मावळत नाही. पावसाळ्यापासून त्याचे मावळण्याचे ठिकाण क्षितिजावर दक्षिणेकडे सरकत जाते, 21-22 डिसेंबरला शेवटचे टोक गाठते आणि तिथून परत फिरते. जाताना आणि येताना तो त्याच जागेवरून जातो, आणि दोन्ही किरणोत्सव त्या टोकाच्या अलीकडे-पलीकडे सुमारे 41 दिवसांवर येतात. वर्षभराचे सूर्यास्त मिनिटभरात घुमटावरून सरकताना पाहिले, की पुस्तकातले उत्तरायण-दक्षिणायन पाठ करावे लागत नाही. हे मुलीला आधी घरी सांगून ठेवा; खेळ संपल्यावर निवेदकाला काय विचारायचे ते तिचे तीच ठरवेल.

कोल्हापूरचा अक्षांश सुमारे 16.7 अंश आहे, म्हणून आपल्याकडे ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून जेमतेम 17 अंश वर दिसतो. निवेदकाने घुमटावर आपली जागा उत्तरेकडे सरकवत नेली, तर ध्रुवतारा वर चढत जातो आणि उत्तर ध्रुवावर थेट डोक्यावर येतो. पृथ्वी गोल असल्याचा यापेक्षा सोपा पुरावा मी वर्गात कधी देऊ शकलो नाही.

बाहेरच्या दालनाला फार वेळ देण्याची गरज नाही. अनेक तारांगणांत निरनिराळ्या ग्रहांवरचे वजन दाखवणारे काटे असतात. तीस किलोची मुलगी चंद्रावर पाच किलोची आणि गुरूवर साधारण पंच्याहत्तर किलोची भरते. तेवढे पाहिले तरी पुरे.

व्यवहाराचे थोडे. वरळीत नेहरू सेंटर आणि नेहरू सायन्स सेंटर या दोन वेगळ्या संस्था आहेत, तारांगण डॉ. ॲनी बेझंट मार्गावरील नेहरू सेंटरमध्ये आहे, हे टॅक्सीवाल्याला स्पष्ट सांगा. सोमवारी ते बंद असते. निघण्याआधी खेळांच्या वेळा फोन करून विचारून घ्याव्यात. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरून वरळी गाठता येते. बसण्यासाठी मागच्या रांगांतील मधल्या खुर्च्या पाहा, पुढे बसल्यास मान फार उचलावी लागते. आकाश वेगाने फिरवले जाते तेव्हा काहींना गरगरते. आईंना तसे झाले तर क्षणभर डोळे मिटायला सांगा.

त्यांना रात्रीचा प्रवास झेपणार नसेल, तर आंबा घाट उतरून रत्नागिरीला जा; तिथे माळनाक्यावर नगरपरिषदेचे नवे तारांगण आहे आणि एका दिवसात जाऊन येता येते. पुण्याला नातेवाईक असतील, तर चिंचवडच्या सायन्स पार्कमधले तारांगणही नवे आहे. मुंबई पाहणे हा वेगळा हेतू नसेल, तर तुमच्यासाठी मी रत्नागिरीच सुचवेन, आणि वाचलेल्या दिवसातली एक चंद्र नसलेली संध्याकाळ पन्हाळ्यावर घालवायला सांगेन, म्हणजे घुमटावर ओळखलेली कृत्तिका आणि रोहिणी मुलीला खऱ्या आकाशात शोधता येतील.