बीएस्सीला कोणता विषय घेऊ?

प्रश्न : ताई, बारावी सायन्स झालं, आता बीएस्सी करतोय पण मेजर कोणता घेऊ तेच समजत नाही. बाबा म्हणतात केमिस्ट्री घे, मित्र म्हणतात कॉम्प्युटर, अन् मले तर पुढे काय करायचं हेच ठरलं नाही बाप्पा! – एक विद्यार्थी, महाल, नागपूर

उत्तर : अरे, नाही ठरलं तर नाही ठरलं, अठराव्या वर्षी कोणाचं ठरलेलं असतं? एमपीएससी, यूपीएससीची सिव्हिल सर्व्हिसेस परीक्षा, एमबीए, हे कुठल्याही डिग्रीवर होतं, त्यामुळे ती भीती सोड. एक बघ, सायन्समधून पुढे आर्ट्सला जाता येतं, उलटं जवळपास नाहीच.

आणि जिऑलॉजीचं, म्हणजे भूगर्भशास्त्राचं, कोणी नावच घेत नाही! आपल्या नागपुरातच इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं, म्हणजे केंद्राच्या खाणींच्या खात्याचं, मुख्यालय आहे, मॉइल या मँगनीज काढणाऱ्या सरकारी कंपनीचं पण, सेमिनरी हिल्सला जीएसआय, म्हणजे जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं ऑफिस आहे. जीएसआयमध्ये जिऑलॉजिस्ट व्हायचं तर एमएस्सी करून यूपीएससीची वेगळी परीक्षा असते, केमिस्टच्या जागा पण तिच्यातूनच भरतात, म्हणजे बाबांचं केमिस्ट्री पण वाया जात नाही. कॉम्प्युटर फक्त मित्र घेतोय म्हणून घेऊ नको. आधी या तिन्ही विषयांचा सिलॅबस डाउनलोड करून वाच, अन् सीनियरला विचार प्रॅक्टिकल खरंच होतात का.