अडीच हजारांचा सेटर

कळव्याहून एका वडिलांचं चार पानी पत्र आलंय. रबाळे एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये ते चोवीस वर्षं आहेत, आता सुपरवायझर. मुलगी ठाण्यात बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि एमबीएला एचआरच (मनुष्यबळ व्यवस्थापन) घेणार म्हणून हटून बसलीय. वडिलांचं म्हणणं, फायनान्स घे. त्यांचे शब्द जसेच्या तसे देतो: "सेल्सवाले पैसा आणतात, आम्ही माल काढतो, अकाउंट्सवाले हिशेब ठेवतात. एचआरवाले रांगोळी स्पर्धा घेतात आणि माणूस काढायचा असला की पत्र देतात. जे खातं कंपनीला एक रुपया मिळवून देत नाही, तिथे मी कर्ज काढून मुलीला का पाठवू?"

सप्रेम नमस्कार.

एचआरबद्दल मला बरीच पत्रं येतात, पण त्यात बहुतेकांना पॅकेज किती मिळेल एवढंच हवं असतं. हे खातं कंपनीला कमावून देतं का, असं थेट तुम्हीच विचारलंत. गंमत अशी की त्याचं उत्तर तुमच्याच पत्राच्या तिसऱ्या पानावर आहे. तुम्ही ते वैतागून लिहिलंय, म्हणून तुमच्या ध्यानात आलं नसेल.

तिसऱ्या पानावर तुम्ही तुमच्या सीएनसीवरच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवरच्या सेटरची (मशीनला टूल आणि माप लावून देणारा कारागीर) हकिकत सांगता. अकरा वर्षांचा अनुभव, हात असा की टूल बदलल्यावर दुसऱ्याच पीसला माप जुळायचं. त्याने महिन्याला अडीच हजार वाढवून मागितले. वरून निरोप आला, "पॉलिसीत बसत नाही." तो तुर्भ्याला निघून गेला. पुढचे दोन महिने मशीन एका शिकाऊ मुलावर चाललं आणि शंभरात दोन पीस रिजेक्ट व्हायचे ते सात व्हायला लागले. शेवटी नवा सेटर घेतला, तोही जुन्याच्या पगारापेक्षा चार हजार जास्त देऊन. इथे तुम्ही लिहिलंय, "आता पॉलिसी कुठे गेली?"

तुमचेच आकडे घेऊन बसू. दोन पाळ्यांत मिळून दिवसाला ४०० पीस, एका पीसची किंमत माल आणि मजुरी धरून १८० रुपये. पूर्वी दिवसाला ८ पीस वाया जायचे, नंतर २८. म्हणजे रोजचे २० जादा, ३,६०० रुपये. कामाचे पन्नास दिवस धरले तर १,८०,०००. तुमच्या सेटरला हवी असलेली वाढ वर्षाची होते ३०,०००. त्याची सहा वर्षांची पगारवाढ दोन महिन्यांत रिजेक्शनच्या पेटीत गेली. यात उशिरा गेलेला माल नाही, गिऱ्हाइकाचे फोन नाहीत, आणि रोज दोन तास त्या पोराच्या मागे उभं राहण्यात गेलेला तुमचा वेळही नाही.

हा पैसा कंपनीच्या हिशेबात "एचआरमुळे झालेलं नुकसान" या नावाने कुठेच दिसणार नाही. तो कच्च्या मालात, ओव्हरटाइममध्ये, वाहतुकीत असा विखरून बसतो. म्हणून एचआर फक्त खर्च करतं असं वाटतं. वाढदिवसाच्या केकचं बिल सगळ्यांना दिसतं, पण सेटर टिकला असता तर काय वाचलं असतं त्याचं बिल कुणी फाडत नाही.

कन्येला तिचं कॉस्टिंगचं पुस्तक उघडायला सांगा. त्यात लेबर टर्नओव्हरचं, म्हणजे माणसं सोडून जाण्याचं, प्रकरण असतं. माणूस जाऊ नये म्हणून होणारा खर्च ती प्रिव्हेंटिव्ह कॉस्ट, आणि गेल्यावर त्याच्या जागी दुसरा आणून, शिकवून, त्याच्या चुका सोसून होणारा तो रिप्लेसमेंट कॉस्ट. पोरं हे दहा मार्कांसाठी पाठ करतात आणि विसरतात. तुमच्या मशीन शॉपने गेल्या वर्षी हे प्रकरण स्वतःच्या पैशाने शिकून घेतलं.

हे मोठ्या प्रमाणावरही पाहिलं गेलंय. १९१३ मध्ये हेन्री फोर्डच्या मोटार कारखान्यात माणसं इतकी सोडून जात होती की साधारण चौदा हजार जागा भरलेल्या ठेवायला वर्षात पन्नास हजारांहून जास्त भरती करावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाचा मोबदला जवळपास दुप्पट करून पाच डॉलरवर नेला आणि पाळी नऊ तासांवरून आठवर आणली. गळती झपाट्याने उतरली. त्यात फोर्डचं धर्मादाय मन शोधू नका, हिशेबच तसा होता. पुढे १९९५ मध्ये मार्क ह्युसेलिड या अमेरिकी प्राध्यापकाने तिथल्या जवळपास हजार कंपन्या तपासल्या. पारखून भरती, प्रशिक्षण, कामाशी जोडलेला पगार, तक्रार ऐकायची ठरलेली पद्धत अशा गोष्टी जिथे ठळकपणे जास्त होत्या, तिथे गळती कमी आणि माणशी विक्री वर्षाला सुमारे २७ हजार डॉलरने जास्त दिसली. नफाही माणशी ३,८०० डॉलरच्या आसपास जास्त. एचआरच्या प्रत्येक प्राध्यापकाकडे हा आकडा तयार असतो.

पण तुम्ही सुपरवायझर आहात, लगेच विचाराल: अहो, ज्या कंपनीकडे पैसा आहे तीच ट्रेनिंग देणार ना? आधी काय, चांगलं एचआर की चांगला नफा? शंका अगदी रास्त आहे आणि अभ्यासकांनीही ती काढलीय. २००५ मध्ये खाद्यसेवा व्यवसायातल्या एका कंपनीच्या ४५ युनिटांवर झालेला अभ्यास निघाला. त्यात एचआरच्या पद्धतींचा पुढच्या कामगिरीशी जेवढा संबंध दिसला, जवळपास तेवढाच मागच्या कामगिरीशीही दिसला. म्हणजे आधी बरं चाललं होतं म्हणून एचआर चांगलं, असंही असू शकतं.

यात मी स्वतःही फसलोय, ते सांगतो. मार्गदर्शनाकडे वळण्याआधी सात वर्षं मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत पर्सोनेल खात्यात होतो. तेव्हा एचआर म्हणायची पद्धत नव्हती. राजीनामा देणाऱ्याकडून एक फॉर्म भरून घ्यायचा आणि फायलीत लावायचा, हे माझं काम. कारणाच्या रकान्यात शंभरातले नव्वद जण "वैयक्तिक" लिहायचे. एका पावसाळ्यात काम थंडावलं होतं, तेव्हा सहज ती फाइल काढली आणि कारणाऐवजी पत्ता वाचत गेलो. बदलापूर, अंबरनाथ, वांगणी, पुन्हा बदलापूर. बहुतेक सगळे दुसऱ्या पाळीचे. पाळी बाराला सुटायची आणि तिथून स्टेशन गाठेपर्यंत त्यांची शेवटची गाडी हुकायची. रात्र फलाटावर काढून पहाटे घरी जाणारा माणूस "वैयक्तिक कारण" नाही तर काय लिहिणार?

साहेबांना पटवून दोन्ही पाळ्या अर्धा तास अलीकडे ओढल्या. वर्षभरात दुसऱ्या पाळीची गळती निम्म्यावर आली आणि मी कॉलर ताठ करून फिरायला लागलो. मग आमच्या अकाउंटंटने शांतपणे विचारलं, "यंदाचा बोनस किती दिला, आठवतंय का?" त्या दिवाळीला बोनसही घसघशीत वाढला होता. मग माणसं थांबली ती गाडीमुळे की बोनसमुळे? निम्मं निम्मं असावं असं मला वाटतं, पण ते सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हतं. पहिल्या पाळीची गळती त्याच वर्षी किती उतरली हे बाजूला लिहून ठेवलं असतं, तर उत्तर मिळालं असतं. बोनस दोन्ही पाळ्यांना होता, गाडीचा फायदा एकीलाच. तेवढं मला सुचलं नाही.

हीच तुलना नीट करून झालेला एक प्रयोग आपल्याच भागातला आहे. २००८ च्या सुमारास अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगावच्या कापड गिरण्या निवडल्या. तारापूर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. काही गिरण्यांना व्यवस्थापन सल्लागार पाच महिने फुकट दिले. बाकीच्यांची एक महिना फक्त तपासणी केली. कुणाला काय मिळणार हे सोडत काढल्यासारखं ठरवलं, त्यामुळे "आधीच श्रीमंत होते" ही पळवाट बंद झाली. जमिनीवर पसरलेला कचरा, लेबल नसलेलं सूत, अशी त्या गिरण्यांची अवस्था होती. सल्लागारांनी एकूण ३८ पद्धती बसवायचा प्रयत्न केला. त्यात दोषांची रोजची नोंद होती, साठ्याचा हिशेब होता, आणि कोणाचं काम काय हे लिहून लावणं, हजेरी आणि कामगिरीवर बक्षीस देणं हेही होतं. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. हे सगळं श्रेय एचआरचं नव्हे, त्यातला एक वाटा. पण कापसाच्या धुळीतल्या गिरणीत हे घडलं, हे मला काचेच्या इमारतीतल्या दहा उदाहरणांपेक्षा मोलाचं वाटतं.

आता काचेच्या इमारतींचंही बघू, कारण कन्येची नजर ऐरोलीच्या आयटी पार्ककडे असणार. आयटी कंपनीच्या कमाईतला निम्म्याहून जास्त पैसा पगारात जातो. यंत्र म्हणाल तर माणूसच. म्हणून या कंपन्या तिमाही निकालात नफ्यासोबत किती टक्के लोक सोडून गेले तेही जाहीर करतात. जून २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिसचा हा आकडा २८.४ टक्के होता, तर सप्टेंबरमध्ये टीसीएसचा २१.५. त्या काळात नव्या माणसाला जुन्यापेक्षा जास्त पगार देण्याची जी चढाओढ लागली, ती तुमच्या नव्या सेटरच्या चार हजारांचीच मोठी आवृत्ती. २०२२-२३ पासून सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर नावाचा अहवाल सक्तीचा केलाय. त्यात कायम कर्मचाऱ्यांच्या गळतीचे तीन वर्षांचे आकडे द्यावे लागतात. तो नेटवर फुकट वाचायला मिळतो. तरीही एचआरच्या मुलाखतीला येणाऱ्या मुलांनी तो उघडलेला नसतो. कन्येने मुलाखतीआधी त्या कंपनीचा एवढा एक तक्ता वाचून जावं. "मला लोकांशी बोलायला आवडतं" हे वाक्य मात्र घरी ठेवून जावं. पॅनलने ते सकाळपासून आठ जणांकडून ऐकलेलं असतं.

तर एचआर की फायनान्स? मी एचआर म्हणेन, पण कॉस्टिंगची वही हातातून न सोडता. बीकॉमची मुलगी म्हणून तिच्याकडे जे आहे ते इतर शाखांतून येणाऱ्या बऱ्याच मुलांकडे नसतं. पगारपत्रक, पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद, एका माणसाच्या जाण्याची किंमत, हे तिला एक्सेलमध्ये मांडता आलं, तर "पॉलिसीत बसत नाही" म्हणणाऱ्या साहेबापुढे ती आकडा ठेवू शकेल. नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात आणि वेतनाची व्याख्याच बदललीय, त्यामुळे कायदा आणि हिशेब दोन्ही येणाऱ्यांची गरज सध्या लहान कंपन्यांनाही आहे. नुसते बायोडेटा चाळणं आणि मुलाखतीच्या वेळा ठरवणं एवढंच करणाऱ्यांचं काम सॉफ्टवेअर खातंय, हेही तिला स्पष्ट सांगा.

कॉलेजबद्दल थोडक्यात. देवनारचं टिस आणि जमशेदपूरचं एक्सएलआरआय ही या विषयातली जुनी, मानाची ठिकाणं. तिथे लागलं तर कर्ज काढायला कचरू नका. राज्याच्या सीईटीतून मिळणारं एखादं बरं कॉलेजही चालेल. मात्र ज्या संस्थेची जाहिरात रिक्षाच्या पाठीमागे आहे आणि फी दहा लाख, तिथे पैसे घालू नका. सुरुवातीचा पगार फायनान्सवाल्या मैत्रिणीपेक्षा कमी असू शकतो, त्याची घरात आधीच तयारी ठेवा.

आणि एमबीएच्या आधी दोन महिने तिला टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एखाद्या साठ-सत्तर माणसांच्या कारखान्यात हजेरी-पगाराच्या टेबलावर बसू द्या. तुमच्या कंपनीत नको, तिथे ती सगळ्यांना तुमची मुलगी म्हणूनच दिसेल. महापे, रबाळे, पावणे, कुठेही ओळख काढा. कंत्राटी कामगार पगारातली कपात विचारायला खिडकीशी येतो, तेव्हा समोर बसलेल्याला काय उत्तर द्यावं लागतं, ते तिने एकदा बघावं. तिथूनही तिला एचआरच करायचं असेल, तर मग अडवू नका.

तोवर या रविवारी एक करा. मी वर मांडलेला सेटरचा हिशेब वहीत उतरवा आणि तिच्यापुढे ठेवा. रिजेक्ट पीस भंगारात जातो तेव्हा त्याचे काही ना काही पैसे परत येतात. ते मी १,८०,००० मधून वजा केलेले नाहीत. हे तिला आधी सांगू नका. तिने चूक पकडली का आणि भंगाराचा भाव तुम्हाला विचारला का, ते मला कळवा.