रोख रक्कम सांगून टाका, लपवू नका

पहिल्यांदाच परदेशी निघालात, तर एक गैरसमज आधी काढून टाका. मर्यादेपेक्षा जास्त रोख नेणं बहुतेक देशांत गुन्हा नाही, ती न सांगणं हा गुन्हा आहे. अमेरिकेत १०,००० डॉलरच्या वर, युरोपीय संघात १०,००० युरो किंवा त्याहून जास्त असतील तर कस्टम्सला कळवावं लागतं. त्यावर कर लागत नाही, फक्त नोंद होते.

लोक गोत्यात येतात ते हिशेबात. सगळी चलनं एकत्र धरायची, ट्रॅव्हलर्स चेकसुद्धा. अमेरिकेत एकत्र जाणाऱ्या कुटुंबाची रक्कम एकत्रच मोजतात. त्यामुळे नवऱ्याच्या खिशात सहा हजार, बायकोच्या पर्समध्ये पाच हजार ही युक्ती चालत नाही, उलट मुद्दाम वाटणी केली असं दिसलं तर प्रकरण चिघळतं. युरोपीय संघात हिशेब माणशी असतो, पण २०२१ पासून सोन्याची नाणी आणि लगडीही त्यात येतात.

रक्कम काठावर असेल तर सरळ फॉर्म भरा, पाच मिनिटांचं काम आहे. बँकेची किंवा मनी चेंजरची पावती हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन केलेल्या बॅगेतली पावती ऐन वेळी काय कामाची? ‘किती आहेत?’ या प्रश्नाला ‘असतील आठ-नऊ हजार’ असं मोघम उत्तर देऊ नका, आधीच मोजून ठेवा. शिक्का मारलेली प्रत मिळाली तर जपा. काही देशांत उरलेले पैसे परत नेताना तीच मागतात.