पाच लाखांच्या कागदावर सही करण्याआधी

प्रश्न : साडेचार महिन्यांपूर्वी माझ्या पतींच्या (वय ३८) मोटारसायकलला मागून येणाऱ्या टेम्पोने धडक दिली. दुसऱ्या दिवशी ते गेले. ते वायरिंगची कामं स्वतंत्रपणे घ्यायचे. महिन्याला १८ हजारांच्या आसपास सुटायचे, पण पगारपत्रक नाही, रिटर्न कधी भरला नाही. मागे मी, दोन लहान मुलं आणि सासूबाई. टेम्पोच्या विमा कंपनीचा माणूस म्हणतो, ‘पाच लाख लगेच मिळतील, सही करा. हेल्मेट नव्हतं, कोर्टात काही हाती लागणार नाही.’ दीर म्हणतात, फौजदारी केसचा निकाल लागू दे, मग बघू. काय करू?

उत्तर : ताई, सही करू नका. आणि दिरांचंही या बाबतीत ऐकू नका. ते तुमच्या भल्यासाठीच सांगत असतील, पण त्यांचा सल्ला पाळलात तर मुदत निघून जाईल.

आधी ते पाच लाख. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली, चूक कोणाची हे सिद्ध न करता, मृत्यूसाठी ५ लाख रुपये मिळतात. म्हणजे तो माणूस खोटं बोलत नाही, अर्धवट बोलतो. कलम १४९ च्या पद्धतीनं तुम्ही ती रक्कम स्वीकारलीत, की कलम १६६ खालचा पूर्ण भरपाईचा तुमचा अर्ज संपतो. दोन्ही मिळत नाहीत.

पूर्ण भरपाई म्हणजे किती? याचं गणित सर्वोच्च न्यायालयानं सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत घालून दिलं आहे. तुमच्याच आकड्यांवर करून बघू. उत्पन्न १८ हजार. स्वतःचा व्यवसाय आणि वय ४० च्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के जादा : २५,२०० रुपये. वर्षाचे ३,०२,४००. अवलंबून असलेले चौघं, म्हणून पतींच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा : २,२६,८००. ३८ व्या वर्षाला गुणक १५, म्हणजे या रकमेची पंधरा पट. एकूण ३४,०२,००० रुपये. त्यावर अंत्यविधीचा खर्च, आणि पत्नी, मुलं, आई यांना सहवास गमावल्याबद्दलच्या रकमा वेगळ्या. त्या २०१७ मध्ये ठरल्या आणि दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढतात.

आता हाच हिशेब १२ हजार धरून करा. २२,६८,००० येतात. सव्वाअकरा लाखांहून जास्त फरक पडतो, तो फक्त उत्पन्नाच्या एका आकड्यामुळे. टेम्पोनं मागून धडक दिली हे पंचनाम्यात असेल, तर चूक कोणाची यावर फार झगडावं लागणार नाही. तुमची खरी लढाई ‘ते महिन्याला किती कमवत होते’ याचीच आहे, आणि विमा कंपनीचे वकील उलटतपासणीत तिथेच बोट ठेवतात.

म्हणून पतींचा मोबाइल फॉरमॅट करू नका, सिम बंद करू नका, मुलांच्या हातात खेळायला देऊ नका. ग्राहकांशी झालेलं बोलणं, कामाचे फोटो, यूपीआयनं आलेले पैसे त्यातच आहेत. बँकेतून मागच्या तीन वर्षांचा खातेउतारा घ्या. वायर-स्विचचा माल ज्या दुकानातून उचलत, त्याची बिलं मागा. कामाची वही असेल तर ती जशी आहे तशी ठेवा, तिच्यात आता एक ओळही भरू नका. नियमित काम देणारे दोन-तीन ग्राहक किंवा कंत्राटदार साक्षीला यायला तयार आहेत का, ते आजच विचारा. वर्षभरानं माणसं फोन उचलत नाहीत, हा माझा अनुभव. कर्जाचे हप्ते आणि मुलांची फी कोणत्या खात्यातून जायची तेही दाखवता येतं. रिटर्न नाही म्हणून उत्पन्न शून्य धरलं जात नाही.

हेल्मेटचं बघू. हेल्मेट न घालणं हा नियमभंग आहेच, पण त्यामुळे मागचा टेम्पो येऊन आदळला नाही. मुद्दा येतो तो मृत्यू डोक्याच्या दुखापतीनं झाला असेल तर. तेव्हा भरपाईतून काही टक्के कापण्याची मागणी कंपनी करू शकते. शवविच्छेदन अहवालात मृत्यूचं कारण काय लिहिलंय ते वाचून घ्या. पोटातला रक्तस्राव वगैरे असेल तर हेल्मेटच्या वादात फारसा दम उरत नाही.

मुदत मात्र कडक आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा असतो. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका. तुमच्याकडे सहा आठवडे आहेत. एखादा कागद कमी असला तरी अर्ज आधी दाखल करा, कागद मागून जोडता येतात. शिवाय व्याज दाव्याच्या तारखेच्या आधीपासून मिळत नाही, म्हणजे थांबण्यात तेही नुकसान.

फौजदारी खटल्याची वाट पाहायची गरज नाही. तिथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, तुमचा भरपाईचा अर्ज जिथे चालतो त्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात शक्यतांचं पारडं कुठे झुकतं एवढंच बघतात. उद्या चालक सुटला तरी तुमचा दावा तेवढ्यानं पडत नाही. पोलीस ठाण्यातून एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा आणि टेम्पोच्या आरसी व पॉलिसीच्या प्रती घ्या. टेम्पोचा मालक, चालक आणि विमा कंपनी, तिघांनाही जाबदार (प्रतिवादी) करा. चालकाकडे परवाना नसल्याचं निघालं तरी बहुतेकदा न्यायाधिकरण कंपनीला आधी तुम्हाला पैसे द्यायला लावतं, मग तिनं ते मालकाकडून वसूल करायचे. सासूबाईंना आणि दोन्ही मुलांना अर्जदार म्हणून घालायला विसरू नका. मुलांचा वाटा साधारणपणे सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत राहतो. पतींचा आयुर्विमा असेल तर ते पैसे यातून वजा होत नाहीत. हे १९९८ च्या हेलन रिबेलो निकालापासून ठरलेलं आहे.

दावा तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो, अपघात कुठेही झालेला असो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि ‘मिळेल त्यातले इतके टक्के माझे’ असं कोणी म्हणालं, तर उठून या. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. आमच्याच व्यवसायातले काही जण हे करतात, म्हणून सांगते.

तो माणूस पुन्हा आला तर भांडू नका. जे काय द्यायचं ते कंपनीच्या लेटरहेडवर लेखी मागा. योग्य रकमेची तडजोड पुढे न्यायाधिकरणासमोर किंवा लोकअदालतीतही होऊ शकते, आणि तेव्हा तुमच्या बाजूला वकील बसलेला असेल.