उत्तर सायप्रसमधला स्वस्त फ्लॅट घ्यावा का?

तुम्ही जर्मनीत नोकरीला आहात, उत्तर सायप्रसमध्ये इस्केलेजवळ समुद्राकाठचा फ्लॅट स्वस्तात मिळतोय आणि एजंट म्हणतो टायटल क्लिअर आहे, असं तुम्ही लिहिलंय. माझं उत्तर : घेऊ नका. निदान ती जमीन १९७४ च्या आधी कोणाच्या नावावर होती हे कळेपर्यंत टोकनसुद्धा देऊ नका.

मी सात वर्षं लिमासोलला, म्हणजे बेटाच्या दक्षिणेत, जहाज कंपनीत आहे. माझ्या घरमालकीणबाई मूळच्या उत्तरेतल्या लापिथोसच्या. जुलै १९७४ मध्ये तुर्की सैन्य उतरलं, बेट फुटलं (उत्तरेत तुर्की सायप्रियट, दक्षिणेत ग्रीक) आणि घर सोडावं लागलं, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. त्यांची आई वारल्यावर वारसनोंदीसाठी त्या दक्षिणेतल्या जमीन नोंदणी कचेरीत निघाल्या, गाडी मी चालवली. कारकुनाने शीट, प्लॅन आणि प्लॉट नंबर बघितला आणि लिंबाच्या बागेवर दोघी बहिणींची नावं लागली, आपल्याकडे सातबाऱ्यावर वारस लागतात तशी. बागेच्या जागी आज कोणाचा तरी बंगला आहे. बाईंनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी येईपर्यंत मांडीवर धरला होता.

त्याच प्लॉटचा दुसरा कागद उत्तरेत आहे. त्याला तिकडे ‘कोचान’ म्हणतात आणि एजंट तुम्हाला तोच दाखवणार. १९७४ पूर्वीपासून तुर्की सायप्रियट मालकाकडे असलेल्या जमिनीचा कोचान सगळ्यांत भक्कम, म्हणून महागही. बाकी बरीचशी जमीन पळून गेलेल्या ग्रीक कुटुंबांची. ती कुठे दक्षिणेत घर गमावून आलेल्या तुर्की सायप्रियटांना मोबदल्यात दिली, कुठे तुर्कस्तानातून आलेल्यांना वाटली. मोबदल्यात जमीन मिळालेल्यांचंही घरदार गेलंच होतं, त्यांच्यावर राग धरून उपयोग नाही. पण त्या वाटपावर मूळ मालकाची सही नाही. हे वाटप मानणारं उत्तर सायप्रसचं राज्य १९८३ मध्ये जाहीर झालं आणि आजही त्याला एकटं तुर्कस्तान मान्यता देतं. १९७४ मुळे मूळ मालकाचा हक्क जात नाही, हे युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९९६ मध्ये लोइझिदू खटल्यात सांगितलं.

ओरॅम्स खटला तर नीट वाचाच. तोही लापिथोसचाच. एका इंग्रज दांपत्याने तिथे जमीन घेऊन व्हिला बांधला. मूळ मालक दक्षिणेतल्या कोर्टात गेला आणि कोर्टाने व्हिला, स्विमिंग पूल, कुंपण सगळं पाडून जमीन परत द्यायला सांगितलं, वर भरपाई. उत्तरेत तो हुकूम बजावता येईना, म्हणून मालक इंग्लंडच्या कोर्टात गेला. २००९ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने आणि २०१० मध्ये इंग्लंडच्या अपील कोर्टाने त्याची बाजू धरली, आणि त्या दांपत्याचं इंग्लंडमधलं घर धोक्यात आलं. संघातल्या एका देशाच्या कोर्टाचा हुकूम दुसऱ्या देशातही बजावता येतो, आणि इंग्लंड तेव्हा संघात होतं. जर्मनी आजही आहे, तेव्हा तुमचं तिथलं बँक खातं यातून सुटत नाही. शिवाय दुसऱ्याच्या जमिनीचा असा व्यवहार करणं सायप्रसच्या कायद्यात गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अलीकडे परदेशी बिल्डर आणि दलाल पकडले गेलेत, शिक्षाही झाल्यात.

एजंट सांगेल की उत्तरेत मालमत्ता आयोग आहे, तो मूळ मालकांना पैसे देतो. आयोग आहे, २०१० मध्ये मानवाधिकार न्यायालयाने तो मार्ग मान्यही केला. पण तो अर्ज केलेल्या मालकाचंच प्रकरण मिटवतो. तुमच्या प्लॉटचं मिटलंय का, हे लेखी मागा.

वकील एजंटने सुचवलेला नको, दक्षिणेतला स्वतंत्र बघा. त्याला १९७४ पूर्वीचे शीट, प्लॅन, प्लॉट नंबर द्या. आणि इस्केले हे आजचं नाव आहे, ग्रीक नोंदींत ते गाव त्रिकोमो म्हणून सापडेल, तेव्हा दोन्ही नावं सांगा.